चाळीस काठ्यांचा चर

डोंगर जळाला त्या दिवशी गावाने आम्हाला चहा पाजला. पाहुण्यांसाठी साखर जरा जास्तच घातलेली. तो चहा आठवला की माझं डोकं आजही फिरतं.

माण तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेत मी वर्षभर बिनपगारी शिकवायला गेले होते. मी मलकापूरची, म्हणजे उसाच्या आणि कालव्याच्या मुलखातली. गवत ही बांधावरून उपटून फेकायची गोष्ट, एवढंच मला ठाऊक. दर शनिवारी शाळेपासूनचे दोन मित्र गाडी घेऊन यायचे. एक मिरजेत डॉक्टरकी करणारा, दुसरा विट्याचा, ज्याच्या वडिलांचं तिकडे मदुरेला गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं, दुकान आहे. मग आम्ही तिघं डोंगर पालथे घालायचो, कड्यावर तंबू ठोकायचो, पाझर तलावात डुंबायचो. वस्तीतल्या बायका हसायच्या. "आवं बाई, डोंगरावर काय हारवलंय तुमचं?"

माझी रात्रीची भाकरी शेजारच्या मावशीकडे असे. मावशी साठीची, मेंढरं राखणारी. दिवाळी झाली की दाराला कुलूप लावून ती चाऱ्यासाठी कळपामागे घाट उतरायची, ती जेठातच परत यायची. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने आपल्या घरातला हिवाळा पाहिला नव्हता. त्या वर्षी मात्र ती भेटेल त्याला सांगत होती, "औंदा कुलूप लावायचं न्हाई." दारात तिने पावट्याचा वेल लावला होता. पावटा थंडीत येतो, आणि दारातला पावटा तिला जन्मात कधी खायला मिळाला नव्हता.

हे सगळं होतं वस्तीमागच्या डोंगराच्या जिवावर. तिथे गावाने दोन वर्षं चराईबंदी पाळली होती. चर खणून पाणी मुरवलं होतं, आणि गवत कमरेएवढं आलं होतं. दिवाळीनंतरच्या सोमवारी त्याला विळा लागणार होता आणि मेंढरंवाल्यांना वाटा मिळणार होता. मावशीच्या वाट्यात तिची चाळीस मेंढरं पावसाळ्यापर्यंत निघाली असती. बंदी मोडणाऱ्याला शिक्षाही गावानेच ठरवलेली. पैसे भरून सुटका नाही. जितकी जनावरं वर गेली, तितक्या काठ्या लांबीचा, हातभर खोल चर ज्याचा त्याने खणायचा; माप मेंढक्याच्या हातातल्या काठीचं. श्रावणात मावशीचं एक कोकरू वर निसटलं. चार घास खाऊन आलं असेल. मावशीने भर पावसात एक काठी चर खणला, आणि सरपंच शेजारी उभा राहून मोजत होता.

आणि त्या सोमवारच्या आदल्या दिवशी आम्ही वर गेलो. विट्याच्याला डोंगरावर चुलीवरचं कोंबडं खायचं होतं. मी म्हटलं, "वर चूल नको रे." एकदाच म्हटलं, तेही हळू. तो म्हणाला, "अगं, काय होतंय?" तीन दगड मांडले, जेवलो, त्याने निखाऱ्यांवर अर्धी बाटली पाणी ओतलं आणि म्हणाला, "झालं." अर्ध्या बाटलीने निखारे विझत नाहीत हे माझ्या वर्गातल्या दुसरीच्या पोरीनेही सांगितलं असतं. मला कळत होतं. तरी मी मुकाट्याने त्या दोघांमागे फोटो काढायला कड्याकडे गेले. मागे वळलो तेव्हा अर्धा उतार पेटला होता.

सगळी वस्ती कडुनिंबाचे डहाळे घेऊन धावली. आम्हीही झोडपत होतो, पण वारा होता. ऊन उतरेपर्यंत आग विझली, कारण जळायला गवतच उरलं नव्हतं.

देवळापुढे सगळे बसले. मला वाटलं, आता शिव्या बसणार, आणि बसायलाच हव्या होत्या. सरपंच म्हणाला, "पाव्हणं हायती. चुकून झालं. च्या घ्या." आम्ही कप हातात घेतले. मीही घेतला, अर्धा प्यायलेही. लाज कशी वाटली नाही, देव जाणे.

मावशी उठली. तोंड काजळीने काळं झालेलं. म्हणाली, "आमच्या कोकरानं घासभर खाल्लं तर चर खणायचा, आन् ह्यांनी डोंगर खाल्ला तर च्या पाजायचा व्हय रं?"

"आवं मावशे, शिकलेली मानसं हायती. गावासाठी आल्याती."

"मग तर त्यास्नी जास्ती कळाय पायजे."

विट्याच्याने खिशातून फोन काढला. "मावशी, नुकसान किती ते सांगा, आत्ता पाठवतो." तिने त्याच्या फोनकडे पाहिलं. "त्यातनं गवत येतंय का?"

आगीची शिक्षा ठरलेलीच नव्हती, कारण गावातलं कुणी तिथे आग लावेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. हिशेब मावशीनेच घातला. "माझी चाळीस मेंढरं त्या गवतावर निघनार हुती. चाळीस काठ्या खणा." मी कप खाली ठेवला आणि हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी विट्याच्याने फोटो टाकला. पिवळ्याधमक गवतात हात पसरून उभा, खाली लिहिलेलं, 'मातीशी नाळ'. मी फोनवर त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझ्या रागातला निम्मा माझ्यावरचा होता, पण तो ऐकून घ्यायला समोर दुसरं कुणी नव्हतं.

आठ दिवसांनी मावशीने कुलूप लावलं. निघताना तिने बाभळीची एक काठी आपल्या काठीला लावून मापात तोडली आणि मला दिली. "ह्या मापानं खणा बाई. जेठात यिऊन बघती मी." रडली नाही, चिडलीही नाही. तिच्या वाटचं मीच चिडून घेतलं.

त्यानंतर शनिवार-रविवार म्हणजे कुदळ, मुरूम आणि हाताला फोड. मिरजेचा एका आठवड्याआड यायचा, गप खणायचा आणि जायचा. विट्याचा एकदाच आला, नवे हातमोजे घालून. एक काठी खणली आणि विचारलं, "हे मोजायला खरंच कुणी येणार आहे का?" पौषात मावशीच्या दारात पावटा लगडला. मला तो खाववेना. शेंगा दारातच वाळू दिल्या आणि दाणे फडक्यात बांधून ठेवले. सव्वीस जानेवारीला सरपंचाने माझ्यासाठी शाल-नारळ आणला. श्रमदान केलं म्हणे! मी भर सभेत म्हटलं, "माझ्या तेवीस काठ्या राहिल्यात." लोक हसले. यात हसण्यासारखं काय होतं, ते मला कळलं नाही.

माझं वर्ष एप्रिलमध्ये संपलं, चाळिसावी काठीही तेव्हाच खणून झाली. तरी जेठात मी परत गेले. मावशी कळप घेऊन आली ती घरी न जाता सरळ डोंगरावर. काठी टाकत ती चराच्या कडेने चालत गेली. मध्येच एका जागी बसली, हात आत घातला, कोपर वरच राहिलं, आणि म्हणाली, "हितं वीतभर कमी हाय."

ती काठी हातमोजेवाल्याची होती. माझ्या तोंडापर्यंत आलं, हे मी खणलेलं नाही म्हणून. मग मी त्या चहाची आठवण केली आणि कुदळ उचलली. मावशी दगडावर बसून राहिली, घराची किल्ली कमरेला तशीच. मुरूम कडक होता, वेळ लागला. झाल्यावर तिने पुन्हा हात घालून पाहिला. मी फडक्यातला पावटा पुढे केला, तो तिने पदरात बांधला.

"बियाला हुईल," म्हणाली, आणि कुलूप काढायला घराकडे निघाली.