सुलेखाबाईंची नागपंचमी

सुलेखा टिपणीस नागपूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायच्या. नवरा गुरुनाथ तेलकंपनीत इंजिनिअर. त्यांची बदली अमेरिकेत, टेक्सासमधल्या शुगर लँडला झाली आणि बाईंची नोकरी सुटली. वर्क परमिटची वाट बघण्यात सात वर्षं गेली. मग त्यांनी परीक्षा दिल्या, बदली शिक्षिका म्हणून चार शाळांचे उंबरे झिजवले आणि बेचाळिसाव्या वर्षी तिथल्या एका हायस्कुलात त्या बायॉलॉजीच्या टीचर झाल्या.

पहिल्या दिवशी बाई वर्गाच्या दारात आल्या, पण कोणी उभंच राहिना. बाईही दारातून हलेनात. शेवटी मागच्या बाकावरून एकाने काळजीने विचारलं, "मिस, आर यू लॉस्ट?"

पहिल्या चाचणीत वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीला त्यांनी शंभरपैकी बासष्ट मार्क दिले आणि खाली 'छान' असा शेरा मारला. दुसऱ्या दिवशी मुलीचे आईवडील जाडजूड फाइल घेऊन प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये हजर! "आमच्याकडे बासष्टला पेढे वाटतात," हे बाईंनी इंग्रजीत सांगून पाहिलं, पण ते काही केल्या जमेना.

मे महिन्यात प्रयोगशाळेतला साप सुट्टीपुरता घरी कोणी न्यायचा हा प्रश्न आला. साप बिनविषारी, नारिंगी, हातभर लांब. मुलांनी त्याचं नाव नूडल ठेवलं होतं. सगळ्यांच्या नजरा नव्या टीचरकडे वळल्या. बाईंनी आयुष्यभर साप शिकवला होता, पण तो बरणीतला. नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि त्यातून "शुअर" बाहेर पडलं.

"हे पाहुणे किती दिवस?" गुरुनाथरावांनी काचेच्या पेटीपासून लांब उभं राहून विचारलं.

"ऑगस्टपर्यंत."

"आणि खातात काय?"

बाईंनी पेटीचं झाकण पुन्हा एकदा दाबून बसवलं. तिसऱ्या दिवशी फ्रीझरमध्ये खोवलेलं खोबरं शोधताना गुरुनाथरावांच्या हाती गोठवलेल्या उंदरांची पिशवी लागली. ज्या घरात अंडंसुद्धा शिजत नव्हतं, त्या घरात! "हे धुतलेत तरी का?" एवढंच त्यांना सुचलं.

बातमी तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲपवर फिरायला कितीसा वेळ? नागपंचमीला मंडळातल्या सीमाकाकू पंधरा बायका घेऊन दारात उभ्या. हातात हळद-कुंकू, लाह्या आणि गॅलनभर दूध.

"काकू, साप दूध पीत नाही," बाई म्हणाल्या.

"मग काय पितो?"

"पाणी."

"अगं, पण नैवेद्य?"

"तो फ्रीझरमध्ये आहे," स्वयंपाकघरातून गुरुनाथराव म्हणाले.

हळद-कुंकू काचेला लागलं. बायका सतरंजीवर बसल्या आणि सीमाकाकूंनी सहज विचारलं, "तू याला हातात घेत असशील ना गं?"

दोन महिने बाई त्याला लांब चिमट्याने खाऊ घालत होत्या. पण सोळा जणी टक लावून बघत होत्या आणि शिक्षकाला वर्गासमोर "जमत नाही" म्हणणं जड जातं. त्यांनी झाकण काढलं, श्वास रोखला आणि हात आत घातला. नूडलने शांतपणे मनगटाला वेटोळं घातलं.

"अगंबाई! खरंच कोरडा आहे हा!" बाई ओरडल्या. सापाची त्वचा कोरडी असते हे त्यांनी हजारो पोरांकडून पाठ करून घेतलं होतं. स्वतःला ते आज कळलं.

मग त्या तासभर बोलल्या. जबडा, खवले, कात, सगळं. सीमाकाकूंची नात आन्या कोपऱ्यात फोनमध्ये डोकं घालून बसली होती. ती उठून पुढे आली. "कॅन आय होल्ड हिम?" तिने विचारलं. शाळा उघडल्यावर तिने बाईंचाच वर्ग मागून घेतला. त्या वर्षी बाईंनी पहिल्या तासाला पुस्तक उघडलंच नाही. नूडलला टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "आधी हात लावा, मग बोलू."

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. बाई विभागप्रमुख आहेत. सुट्टीत त्यांच्या घरी नूडल, दोन कासवं आणि एक केसाळ कोळी राहायला येतात. गुरुनाथराव दर मे महिन्यात महिनाभर नागपूरला जातात. शेहेचाळीस डिग्रीत तिथे काय करता, असं कोणी विचारलं तर म्हणतात, "गारवा वाटतो जिवाला."