फॉन्टवाल्या काकांचे शुल्क

फॉन्टवाले काका फोन पहिल्या घंटीलाच उचलत. पलीकडे कोण आहे हे न विचारता म्हणत, "बोला, कुठं अटकलं?" फोन करणारा बहुधा अनोळखी प्रोग्रामर असे. त्रिमूर्तीनगरच्या दोन खोल्यांत बसून काकांनी प्रोग्रामर मंडळींसाठी एक साधन तयार केले होते. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर ते युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा रूपात, आणून देई. कोणीही ते आपल्या सॉफ्टवेअरला फुकट जोडून घ्यावे. आमच्या वर्तमानपत्राचे जुने अंक त्याच्याच आधारे संगणकावर आले.

"मजकूर लोकायचा, मी हमाल," असे ते म्हणत.

"हमालबी हमाली घेते," काकू आतून सुनावत.

मग काकांचा मधुमेह डोळ्यांत उतरला. डॉक्टरांनी संगणक कमी करायला सांगितले. साधन पुढे चालवायला सोनाली नावाची तरुण प्रोग्रामर तयार झाली. तिला पगार देता यावा म्हणून काकांनी कंपन्यांना वार्षिक शुल्क लावले. त्या सूचनेखाली त्यांनी स्वतःचा नंबर दिला आणि लिहिले, 'अडचण असल्यास फोन करावा.' अडचण सर्वांनाच होती.

शहराबाहेरच्या मिहान उद्योगक्षेत्रातल्या एका कंपनीच्या मुलाने फोनवर विचारले, "काका, तुम्ही पण दुकान मांडलं का?" काका हसले. दहा मिनिटांत त्या कंपनीचे शुल्क माफ झाले.

"फोन उचलता काहून तुम्ही?" काकू चिडल्या. "ज्याचा उचलला त्याले माफ करून राहिले!"

"पोरगा नवीन आहे वं. साहेब त्याच्यावर भडकन."

मी तेव्हा समोरच बसलो होतो. संपादकांनी मला आमच्या वर्तमानपत्राचेही शुल्क माफ करून घ्यायला पाठवले होते. मी तोंड उघडण्याआधी काका म्हणाले, "तुले कशाले पैसे मागू गा? तू तं घरचा." मी नको म्हटले नाही.

चौथ्या महिन्याचा पगार देता येईना, तेव्हा काकांनी सोनालीला दुसरी नोकरी पाहायला सांगितले. तिला ती लगेच मिळाली.

पुढच्या वर्षी आमच्या कचेरीतली संगणकप्रणाली बदलली आणि साधन बंद पडले. मी फोन केला. काका म्हणाले, "मले आता अक्षर दिसत नाही गा. तू प्रोग्रामच्या ओळी वाच, मी सांगतो." मला प्रोग्रामिंग येत नाही. मी एकेक चिन्ह वाचत गेलो. "तो डंडा उभा आहे का तिरपा?" ते पुन्हा पुन्हा, न रागावता विचारत. पाऊण तासानंतरही चूक सापडली नाही.

"तुझं काम अटकलं," ते म्हणाले. "माफ कर गा."

आठवडाभरात कचेरीने एका परदेशी कंपनीचे साधन घेतले. त्याचे शुल्क काकांनी मागितलेल्या शुल्काच्या कितीतरी पट होते. मंजुरी त्याच दिवशी मिळाली. सवलत मागायला मला कोणी पाठवले नाही.