भिंतीतलं व्हॅलेरियन

आयर्लंडमधल्या ओंगार या उपनगरातल्या आमच्या घरापुढच्या बुटक्या भिंतीच्या भेगेतून लाल व्हॅलेरियन नावाचं फुलझाड उगवलं होतं. कुणी लावलं नव्हतं. नवरा उपटायला निघाला तेव्हा, फुलं तरी संपू दे, म्हणून मी त्याला थांबवलं.

त्याच उन्हाळ्यात एका दुपारी लेकीने मला लॅपटॉपवरून उठवून खिडकीशी नेलं. फुलांपुढे काहीतरी हवेत तरंगत होतं. पंख दिसतच नव्हते, नुसती थरथर. लांब सोंड फुलात जाई आणि बाहेर येई. हमिंगबर्ड आहे, असं ती तिच्या आयरिश वळणाच्या इंग्रजीत कुजबुजली. मलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने ते वर्गात सांगितलं. मुलं हसली. आयर्लंडमध्ये हमिंगबर्ड नसतात, असं बाईंनी समजावलं. लेक घरी आली ती गप्पच. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही शोधलं. तो पक्षी नव्हता, पतंग होता, फुलपाखराच्या जातीचा. उन्हाळ्यात दक्षिणेकडून समुद्र ओलांडून येणारा.

"म्हणजे माझंच चुकलं," ती म्हणाली.

"नाव चुकलं," मी म्हटलं. "तू पाहिलंस ते खरंच होतं."

पुढच्या वसंतात रहिवासी समितीचा मेसेज आला. शनिवारी सगळ्या भिंतींवर तणनाशक फवारणार होते. आमची भिंत वगळा, असं मी लिहिलं. नियम सगळ्यांना सारखा, असं उत्तर आलं. नवरा म्हणाला, चार लोकांत राहायचं आहे, एका तणासाठी कशाला वाईटपणा घ्यायचा? त्याचं खोटं नव्हतं. पण लेकीचं ते गप्प बसणं मी विसरले नव्हते.

शनिवारी मी खुर्ची काढून भिंतीला अगदी चिकटून बसले. पाठीवर टाकी घेतलेला माणूस आला, मला पाहून थांबला. तुम्ही बसला आहात तोवर मला फवारता येणार नाही, म्हणाला. मी तर बसूनच राहणार, असं मी सांगितलं. मग समितीतल्या बाई आल्या. आवाज गोड होता.

"हे झाड मूळचं इथलं नाही, माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे," मी म्हटलं. "ते इथेच राहणार."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मीही नजर हलवली नाही. फवारणीवाला पुढच्या घराकडे गेला. संध्याकाळी ग्रुपवर नाव न घेता बराच उपदेश आला.

त्या उन्हाळ्यात पतंग आलाच नाही. लेक रोज शाळेतून आली की दप्तरासकट खिडकीशी उभी राहायची. एवढं करून काय मिळालं, असं नवऱ्याने एकदा विचारलं. झाड आहे, मी म्हटलं.

यंदा पुन्हा फवारणीची सूचना आली. मी काही करायच्या आत लेकीने पुठ्ठ्यावर इंग्रजीत 'फवारू नका' लिहिलं. मग 'नको' मराठीत कसं लिहायचं ते मला विचारलं आणि खाली मोठ्या, वाकड्या अक्षरांत काढलं. इथे ते कुणाला वाचता येणार, मी विचारलं.

"दे'ल नो," ती इंग्रजीतच म्हणाली, कळेल त्यांना, आणि चिकटपट्टी मागायला लागली.