नमुन्याची बाटली

तेल तपासणीच्या प्रयोगशाळेत तिला सगळे मशीनताई म्हणत. ऑलिव्हच्या तेलाचे दोन थेंब काचेवर ठेवून त्यांतून प्रकाश सोडला की पडद्यावर वेडीवाकडी रेघ उमटे. त्या जातीच्या अस्सल तेलाच्या रेघेशी ती जुळली तर शिक्का, नाहीतर नापास. बारा वर्षांत तिनं कुणाची भीड ठेवली नव्हती. चुलतसासऱ्यांचं तेलही परत पाठवलं होतं.

बागवाले काका तीन वर्षं ओळीनं नापास झाले.

"ताई, वडिलांनी लावलेली झाडं आहेत. ह्याच जातीची, असं ते सांगून गेलेत."

"काका, मशीन वडीलबिडील ओळखत नाही," ती म्हणाली होती. रांगेतले दोघे फिसकन हसले होते.

यंदा काका फिरकलेच नाहीत. त्याच जातीची एक नवी बाग मात्र आली, आणि तिची रेघ हुबेहूब काकांसारखी निघाली. ही जात आणखी एकाकडेच होती, तिच्या दादाकडे. जिच्या रेघेशी बाकीच्यांची रेघ ताडून पाहत, ती अस्सल म्हणून जपलेली बाटलीही त्याच्याच घाण्यावरची. तिनं ती शीतकपाटातून काढली आणि दुसऱ्या पद्धतीनं घटक मोजले. चक्क सूर्यफुलाची भेसळ.

नमुना घाण्यापाशी उभं राहून स्वतः भरायचा, हा नियम. ही बाटली भरायच्या दिवशी वहिनीनं पान वाढलं होतं, म्हणून ती म्हणाली होती, "दादा, तूच भर ना."

ती तडक दादाकडे गेली.

"त्या वर्षी तेल कमी निघालं होतं, म्हणून सूर्यफुलाचं मिसळलं," दादा म्हणाला. "तुझी बाटली वेगळी भरायचं कुणाच्या लक्षात राहतंय?"

"आणि नंतर दर वर्षी?"

"पहिल्यांदा तसंच पास झालं. मग मिसळायचं कशाला थांबवायचं?"

"माहेर बुडवायला निघाल्यात आमच्या वन्सं," वहिनी आतून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या टेबलावर तिनं सगळं लिहून ठेवलं, भावाच्या नात्यासकट, आणि काकांची बाग गाठली. काका नवी रोपं लावत होते. मागे बांधापर्यंत जुन्या झाडांचे नुसते तोडलेले बुंधे होते.

"काका, तुमचं तेल अस्सल होतं. चूक माझी."

काका मातीचे हात तसेच धरून उभे राहिले.

"वडील खोटं बोलले असं वाटलं मला," ते म्हणाले. "तोडताना एकेका झाडागणिक शिव्या घातल्या त्यांना."

त्यांनी तिला बसा म्हटलं नाही. खाली वाकून ते पुढचा खड्डा खणू लागले.