एका खोलीतले एकतीस

टॅक्सी चाळीच्या तोंडाशी उभी होती. डिकी बंद होईना म्हणून बाबा बॅग पुन्हा पुन्हा फिरवून बघत होते. वरच्या गॅलरीतून सावंतकाकूंनी विचारलं, "तिकडे जाऊन नक्की काय शिकणार गं?"

"अर्थशास्त्र. पीएचडी."

"म्हणजे बँकेत लागणार."

"मोठ्या बँकेत," बाबांनी खालूनच सांगितलं.

लालबागेत अर्थशास्त्र शिकलेलं माणूस बँकेत लागतं. दुसरं काही झालेलं आमच्या मजल्यावर कोणी पाहिलं नव्हतं. अर्जात संशोधनाचा विषय म्हणून मीही 'चलन आणि बँकिंग' लिहिलं होतं.

उत्तर इंग्लंडमधल्या त्या विभागात जिन्याजवळ एक फलक आहे. त्यावर संशोधनाची क्षेत्रं आणि त्याखाली माणसांची नावं: चलन, सार्वजनिक वित्त, श्रम, स्थलांतर, आर्थिक इतिहास. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी आपलं नाव कशाखाली जाणार ते ठरतं. वाचणाऱ्यांपैकी जे माझ्यासारखे शिकायला देशाबाहेर पडले त्यांना हा प्रकार ठाऊक असेल. जे मागे राहिले त्यांच्यासाठी सांगते: तिथे नाव लागलं नाही तर परत यावं लागतं.

वर्षभरात चलनात मन रमेनासं झालं. मी स्थलांतराकडे वळले आणि विषय घेतला परळच्या आमच्या गावकीच्या खोलीचा. गिरणीत कामाला आलेल्या कोकणातल्या माणसांसाठी गावाने मिळून घेतलेली ती खोली. एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच पथारीवर झोपायची. गिरण्या बंद झाल्या, खोली राहिली. आता तिथे कुरिअरवाले असतात, परीक्षेला आलेली मुलं असतात, वडिलांना इस्पितळात दाखवायला आणलेला एखादा असतो. कारभार बाबांकडे आहे.

खोलीत किती जण राहतात ते बाबांना विचारलं. त्यांनी व्हॉट्सॲपवर उत्तर पाठवलं: एकतीस. खोली दहा बाय बाराची. बाबांचं वय झालं, मोजताना गोंधळ झाला असेल, असं मी धरून चालले. तिथे राहणाऱ्या एका मुलाला फोन केला. तो म्हणाला, रात्री झोपायला सहाजण असतो. मी निबंधात सहा लिहिलं.

निबंध तपासणाऱ्या विभागाच्या समितीने नेमकं त्यावरच बोट ठेवलं. सहाजणांची स्वस्त राहण्याची सोय, यात संशोधन कसलं? सगळं गाव त्यासाठी इतकी वर्षं वर्गणी का काढतं? उत्तर द्यायला दोन आठवडे मिळाले. नाही जमलं तर विषय संपला आणि बहुधा मीही.

बाबांना फोन करून सांगितलं, मी तुमच्या एकतीसचे सहा केले.

त्यांनी विचारलं, "कोणाला काढलंस?"

"कोणालाच नाही. राहतात तेवढेच लिहिले."

"नावं सांग, बाय. पंचवीस जणांना काढलंस ना? कोणाला काढलंस?"

मग त्यांनी समजावलं. त्यांनी माळ्यावरच्या पेट्या मोजल्या होत्या. "ज्याची पेटी आहे तो खोलीत आहे. गावाला गेला म्हणून काय झालं? उद्या नोकरी बघायला आला, तर तू कोण म्हणून विचारणार का त्याला?" बाप वारला की पेटी मुलाच्या नावावर होते. त्यातले काही मुंबईत एकदाही आलेले नाहीत. तरी त्यांची जागा धरलेली असते.

दोन आठवड्यांत मी निबंध नव्याने लिहिला. गाव वर्गणी देतं ती सहाजणांच्या झोपण्यासाठी नाही, एकतीस जणांना कधीही येता यावं यासाठी. समितीने अट घातली: दुसऱ्या खोल्यांतही असंच आहे का, ते पाहून या.

त्यासाठी यंदाच्या उन्हाळ्यात आले. पहिली खोली दुसऱ्या एका गावाची, लालबागेतलीच. दारात बसलेल्या गृहस्थांनी माझ्या पाहणीच्या फॉर्मकडे बघितलंसुद्धा नाही. "गाव कुठचं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. जिथे मी सुट्टीपलीकडे कधी राहिले नाही, ते नाव. ते सरकले आणि बसायला जागा झाली.

"झोपतो आम्ही चौघं," ते म्हणाले. "आहोत बावीस."

पुढच्या तीन खोल्यांतही दोन-दोन आकडे मिळाले. माझं नाव आता फलकावर स्थलांतराखाली आहे. सावंतकाकू अजून बँक कुठली ते विचारतात.

पहिल्या खोलीहून आले त्या संध्याकाळी बाबांनी फॉर्म बघायला मागितला. चष्मा लावून तो पूर्ण वाचला आणि आमच्याच घरासाठी भरायला घेतला. झोपणारे: दोन.

"अहो, तीन लिहा," आई म्हणाली. "ही समोर बसलीय ना."

"आजचं नाही विचारलेलं. रोजचं विचारलंय."

त्याखालच्या ओळीला ते थांबले नाहीत. आहेत: तीन. पेनाला टोपण लावलं आणि कागद माझ्याकडे दिला.