उशीवरचा चेहरा

सूचना शेवटपर्यंत वाचून काम करायची मला सवय नाही. मोबाइलवरचे व्हिडिओही मी पुढे ढकलत ढकलत पाहते. समोरची बाई पहिली पायरी समजावत असते तोवर मी चौथीवर पोचलेली असते. लेकीच्या लग्नासाठी उशी केली तेव्हाही हेच झालं. नवऱ्याच्या भाषेत सांगायचं तर मी घाईत जन्मलेली बाई आहे. पण त्या वेळी मी शिस्तीत काम केलं असतं, तर आमच्या घरातली एक गोष्ट आम्हाला कधी कळलीच नसती.

आम्ही सेलूला राहतो. मी शाळेत लिपिक, नवरा शिक्षक, आणि सासूबाई पहिल्यापासून आमच्याजवळ. मी नोकरीवर जायची म्हणून लेक त्यांच्याच हाताखाली वाढली. तिचं न्हाणं, वेणी, अभ्यासाला बसवणं, सगळं त्यांचंच. मी संध्याकाळी घरी पोचायचे तेव्हा पोरगी आजीच्या मांडीवर असायची आणि माझ्याकडे पाहुण्यासारखं बघायची. तेव्हा राग यायचा, आता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात एका सकाळी सासूबाई चूळ भरायला गेल्या आणि पाणी तोंडाच्या कोपऱ्यातून आपोआप गळायला लागलं. एक डोळा मिटेना. आम्ही हादरलो, गाडी करून वर्ध्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, लकवा नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे. गोळ्या दिल्या, शेक सांगितला आणि फुगे फुगवायला लावले. सत्तरी ओलांडलेली बाई अंगणात खुर्ची टाकून रोज फुगे फुगवायची, आणि गल्लीतली पोरं फुगा फुटायची वाट बघत कुंपणाशी उभी राहायची. तीन-चार महिन्यांत डोळा मिटायला लागला, घास नीट जायला लागला. हसताना तोंड एका बाजूला ओढलं जायचं, तेवढं मात्र राहिलं.

तेवढंच राहिलं हे आमचं म्हणणं. त्यांच्या दृष्टीनं सगळंच गेलं होतं. पौर्णिमेला विहारात वंदना त्या सांगायच्या, सगळ्या बाया त्यांच्या मागून म्हणायच्या. आवाज असा खणखणीत की रस्त्यावर ऐकू यावा. दुखण्यानंतर त्या विहारात गेल्या ते मागच्या भिंतीला टेकून बसल्या, आणि पुढं जाणंच बंद केलं. कुणी आलं की पदर तोंडावर. आमच्यासमोरही हसू आलं की आधी पदर वर जायचा, मग हसू. मी एकदोनदा म्हटलं, की आई, घरच्यांसमोर कशाला. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि मीही मग तो विषय सोडला. मला सोडायला बरं पडलं, हेही खरं.

लेकीचं लग्न ठरलं, आष्टीकडचे लोक. महिनाभर आधी सासूबाईंनी जाहीर केलं की त्या सैपाकाकडं लक्ष ठेवतील, स्टेजवर येणार नाहीत. फोटोत तर मुळीच नाही. लेकीनं रडून पाहिलं, रुसून पाहिलं. "त मंग मीबी नाई चढत स्टेजवर," असंही म्हणून झालं. सासूबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या, पण हो म्हणाल्या नाहीत. तिथून पोरगी जी गप्प झाली ती झालीच. खरेदीला चल म्हटलं की येते म्हणायची, आणि दुकानात नुसती उभी राहायची.

मग मीच तो व्हिडिओ शोधला. फोटोची लेझर प्रिंट काढायची, सुती कापडावर पांढरा गोंद लावायचा, प्रिंट पालथी चिकटवायची, वाळू द्यायची, आणि मग ओल्या बोटांनी मागचा कागद चोळून चोळून काढायचा. खाली कापडावर फोटो उरतो. त्याचा अभ्रा शिवायचा, आत रुई भरायची. म्हटलं, आजी स्टेजवर येत नाही तर निदान सासरी तरी सोबत जाईल.

फोटोवरून मात्र आमचं वाजलं. मी दुखण्याआधीचा काढला होता, पुतण्याच्या लग्नातला, सरळ तोंडाचा. लेकीनं तो बाजूला सारला. तिच्या मोबाइलमध्ये गेल्या थंडीतला एक होता. सासूबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत कशालातरी हसताहेत, दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे पदर वर न्यायला सवड मिळालेली नाही. तिनं चोरून काढला होता. "मले आताची आजी पाहिजे," ती म्हणाली. मी म्हटलं, आईंनी पाहिलं तर जिवाला लावून घेतील. ती म्हणाली, त्यांना दाखवायचंच नाही. नवऱ्याची हरकत वेगळीच होती: आईच्या तोंडाला पाठ कशी टेकवायची? लेकीनं सांगितलं, ती टेकणार नाही, मांडीवर घेणार आहे.

सासूबाई दोन दिवस सिंदीला बहिणीकडं गेल्या आणि मी काम सुरू केलं. फक्त चेहरा ठेवला, कपाळापासून हनुवटीपर्यंत. पहिला कागद मी भांडं घासल्यासारखा घासला, हनुवटीच निघून आली. दुसऱ्या वेळी दमानं घेतलं. रविवारची अख्खी सकाळ मी त्या चेहऱ्यावर ओलं बोट फिरवत होते. कागदाचा लगदा वळून निघायचा आणि खालून भुवई यायची, गालाची सुरकुती यायची, ओढलेलं हसू यायचं. माझ्या भावानं जिनिंग कारखान्यातून आणून दिलेली रुई भरली, उघडी बाजू शिवली आणि उशी दिवाणावर ठेवून आम्ही तिघं लांबून बघत बसलो. लेक म्हणाली, हुबेहूब. नवऱ्याचे डोळे भरले होते. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. सासूबाई सकाळी फोनवर म्हणाल्या होत्या सहाची बस, आल्या चारच्या बसनं. उशी लपवायला वेळच मिळाला नाही. त्या दारात चप्पल काढता काढता थांबल्या, दिवाणाजवळ आल्या, पदर तोंडाशी धरूनच वाकून बघत राहिल्या. 

"हे कोणं केलं?"

"मीच केली, आई. पोरीसाठी."

त्यांनी उशी उचलली, उजेडाकडं धरली, उशीतले आणि मग स्वतःचे दोन्ही गाल चाचपून पाहिले. "तोंड उलटं लावलं तुनं," त्या म्हणाल्या.

मला काही कळेना. नवरा म्हणाला, तुझंच तर आहे, जसं आहे तसंच आहे. सासूबाईंनी एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं.

"सांगा बरं, माहं तोंड कोण्या बाजूनं वाकडं होते?"

नवऱ्यानं स्वतःच्या उजव्या गालाला हात लावला. मी त्याच वेळी डाव्या. लेकीनं आधी उजव्या, मग माझ्याकडं बघून डाव्या. आम्ही एकमेकांकडं पाहिलं, मग तिघंही सासूबाईंकडं. त्यांचा पदर तोंडावरून खाली आला होता. पण त्या हसत नव्हत्या, आणि न हसता त्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं.

लेकीनं मोबाइल काढला. डावी बाजू. प्रिंट पालथी चिकटली की डावं-उजवं उलटं होतं, म्हणून दुकानात आधीच फिरवून घ्यायची असते. व्हिडिओतल्या बाईनं हे सांगितलं असणारच, मी ढकललेल्या भागात. पण घाईचं सोडा. मी सकाळभर त्या ओठांवरून बोट फिरवलं होतं आणि मला ते कळलं नव्हतं. बरोबर बाजू मीच सांगितली, पण तीही अंदाजानं.

सासूबाई दिवाणावर बसल्या, उशी मांडीवर घेऊन.

"दोन वर्षं पदर धरून राह्यली मी," त्या सावकाश म्हणाल्या. "अन् घरच्याइले बाजूच माहीत नाई."

मी मान खाली घातली. त्यांच्या वाकड्या तोंडाचं आम्हाला काही वाटत नव्हतं म्हणून ते दिसलं नव्हतं, की आम्ही त्यांच्याकडं बघणंच सोडलं होतं? हे प्रेम की दुर्लक्ष, मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. दोन्ही असावं. लाज वाटली एवढं मात्र नक्की. सॉरी म्हणणं आमच्या घरात कुणाला जमत नाही. मी उठून पाण्याचा गडू आणून त्यांच्यासमोर ठेवला.

पाणी पिताना त्यांना ठसका लागला. मला वाटलं रडताहेत. पण त्या हसत होत्या. पहिल्यांदा गालात, मग अंग हलवून, आणि पदर कुठं पडला होता याकडं त्यांचं लक्षही नव्हतं. लेक हसायला लागली, नवरा हसायला लागला, आणि आम्ही तिघंही अगदी निर्लज्जपणे त्यांच्या तोंडाकडं बघत होतो.

हसणं ओसरल्यावर त्यांनी उशी माझ्या हातात दिली. "ही राहू दे घरी. पोरीसाठी दुसरी कर. तिनं सासरी नेली त बराबर वाकडी आजी न्यावं." मग त्या लेकीला म्हणाल्या, "चोरून काऊन काढतं? समोरून काढ."

त्या उठल्या, दारातल्या उजेडात खुर्ची ओढून बसल्या आणि पदर कमरेला खोचला. लेकीनं मोबाइल धरला, पण ती सारखी डोळेच पुसत होती, म्हणून मी तो तिच्याकडून घेतला. स्टेजवर फोटोवाल्यासमोर कुठल्या बाजूला उभं राहायचं, हे त्यांनी मला तेवढ्यात विचारून घेतलं.

"आता हसू काय?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणायच्या आत त्या हसल्या होत्या, आणि या वेळी मी घाई केली नाही. बटण दाबायच्या आधी नीट पाहून घेतलं.