मे महिन्यात हीटर

माझ्या दारात एक पांढरी सेडान उभी असते. तिला गाडी म्हणायला आता जीभ रेटत नाही. पंधरा वर्षांची जुनी, मी तिचा तिसरा मालक. आधीच्या दोघांनी तिला का सोडलं हे कळायला मला तीन महिने लागले. शहाण्या माणसाला तीन दिवस पुरले असते.

मला खरं तर लहान, साधी गाडी घ्यायची होती. पण अमरावतीत आमच्या कॉलनीत डिक्की नसलेल्या गाडीला कोणी गाडी समजत नाही. लग्नाला गेलं की पहिला प्रश्न, "डिक्कीवाली हाय काय?" आता त्या डिक्कीत आम्ही नेतो काय? एक फाटकी सतरंजी, स्टेपनी आणि पाण्याच्या दोन कॅन. पण मागून लांब दिसली पाहिजे ना बापा! मी कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. पोरांना भौतिकशास्त्राची उपकरणं काढून देतो आणि माघारी मोजून घेतो. स्वतःची अक्कल मात्र त्या कपाटात कधी कुलूप लावून विसरलो, ते मलाच आठवत नाही.

मग सुरू झाली वरात. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. ड्रायव्हरच्या बाजूची काच एके दिवशी धाडकन दारात पडली. तिला पुठ्ठ्याची पाचर मारून वर धरलं. स्टिअरिंगचं ऑइल गळायचं, म्हणून सकाळी आधी अंगणातला डाग बघायचा आणि मग चहा. स्पीडब्रेकर आला की खालून असा खडखडाट, जणू भांड्यांचं कपाट पडलं. बुश बदलले, लोअर आर्म बदलला, तर खडखडाट डावीकडून उजवीकडे गेला. एसीत गॅस एप्रिलमध्ये भरायचा आणि मेच्या पहिल्या आठवड्यात त्यानं निघून जायचं. वर पंधरा वर्षं झाली म्हणून आरटीओचं परत पासिंग. एवढ्या पैशात मी आयुष्यभर रिक्षानं फिरलो असतो आणि रिक्षावाल्यानं मला सलाम ठोकला असता.

या सगळ्यात एकच माणूस खरं बोलायचा, तो म्हणजे आमचा मिस्त्री. नागपुरी गेटाकडे त्याचं गॅरेज. बापापासूनचा धंदा, हात सोन्याचे. त्यानं बॉनेट उघडलं, रेडिएटरचं झाकण काढलं, बोटानं आतून पांढरी खपली खरवडून मला दाखवली. "सर, ये क्या डाला आपने? हे तर मीठ जमलं ना!"

मी काय टाकलं होतं ते सांगतो. माझी सासुरवाडी दर्यापूरकडे, खारपाणपट्ट्यात. तिथलं जमिनीतलं पाणी तोंडात धरवत नाही, भाजीला मीठ घालायची गरज नाही असं लोक थट्टेनं म्हणतात. तिथल्याच हातपंपाचं पाणी दर खेपेला मी रेडिएटरमध्ये ओतायचो. कूलंट म्हणजे शहरी लोकांचे चोचले, असं माझं ठाम मत होतं. आणि मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो. वा रे पठ्ठे!

मिस्त्री म्हणाला, "रेडिएटर नवा टाका." मी म्हणालो, "त्यापेक्षा तो पाणी अडवणारा थर्मोस्टॅट काढून टाक. सगळे तेच करतात. वऱ्हाडात त्याले काय काम?" हे ज्ञान मला पानठेल्यावर मिळालं होतं. तो हसला नाही, वादही घातला नाही. थर्मोस्टॅट काढून कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "गर्मी में लंबा मत जाना, सर. जायचंच पडलं तर टेंपरेचरचा काटा पाहत राहा. चढला की हीटर लावा, इंजिनाची गरमी आत येते." मी मान हलवली आणि रेडिएटरचे पैसे वाचवले म्हणून खूश होऊन घरी आलो.

त्याच मे महिन्यात बायकोला अकोल्याहून बोलावणं आलं. अकरा वर्षं ती एका विनाअनुदानित शाळेत शिकवत होती. पगार एवढा की सांगायची लाज वाटावी. वयाची अट संपायला एक वर्ष उरलं असताना तिची जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी निवड झाली. आता फक्त गाव निवडायचं होतं. सकाळी अकराला यादीप्रमाणे एकेकाला बोलावणार, पडद्यावर रिकाम्या शाळा दाखवणार, ज्याचा नंबर आधी त्यानं आधी निवडायची. हिचा नववा नंबर. मूर्तिजापूरला स्टेशनजवळ एक जागा रिकामी होती. बडनेऱ्याहून सकाळची रेल्वे धरली की संध्याकाळी घरी. पोरगी त्या वर्षी दहावीत जाणार होती, म्हणून हिला तेवढी एकच शाळा हवी होती. आठवडाभर ती तेच एक नाव घेत होती.

"मी रेल्वेनं जाईन," ती आदल्या दिवशी म्हणाली.

"दारात गाडी असताना?" मी म्हणालो. "कावून? गाडीतून उतरशील तर लोक मॅडम म्हणतील तुले."

तिनं रेल्वेचं वेळापत्रक घडी करून ठेवलं. मग म्हणाली, "बरं."

आठला निघालो. लोणीच्या पुढे काटा चढला. मी हीटर लावला. बाहेर सकाळीच भट्टी पेटलेली, आत हीटर आणि खिडकीची काच पाचरीवर अडकलेली. तिनं नवी सुती साडी नेसली होती. ती पाठीला चिकटली, पण मांडीवरची कागदपत्रांची फाइल तिनं पदरानं झाकून कोरडी ठेवली होती. मी वर म्हणतो कसा, "थोडा त्रास होते, पण आरामात पोचतो." आराम! भैताड लेकाचा.

मूर्तिजापूर मागं पडलं आणि बॉनेटमधून वाफ निघाली. एका ढाब्यासमोर गाडी थांबवली. घाईत झाकण उघडलं, उकळतं पाणी हातावर आलं. ढाब्यावरून बादलीभर पाणी आणलं, तेही बोअरचंच. मागून एसटी आली. ती म्हणाली, "मी जाऊ काय हिनं?"

"दहा मिनिटं थांब. थंडी होऊन राहिली."

दुसरी एसटी आली. "अवो, साडेदहा वाजले."

"दहा मिनिटं म्हणलं ना!"

मला ती एसटीत बसलेली नको होती, बस्स. हायवेवर उभ्या असलेल्या माझ्या गाडीला सोडून बायको एसटीत चढली, हे त्या ढाब्यावरच्या चार लोकांनी पाहायला नको होतं. त्यांना मी ओळखतही नव्हतो. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तिसऱ्या एसटीला तिनं मला विचारलंच नाही. रस्त्यात जाऊन हात केला, फाइल छातीशी धरून चढली. मी बादली घेऊन उभा होतो.

दर दहा किलोमीटरला पाणी पाजत मी दोनला अकोल्यात पोचलो. ती जिल्हा परिषदेच्या व्हरांड्यात बाकावर बसली होती. नवव्या नंबरचं नाव तीनदा पुकारलं होतं. ही पोचेपर्यंत अर्धा तास होऊन गेला होता. हजर नसलेल्यांना सगळ्यात शेवटी. मूर्तिजापूर अकराव्या नंबरानं घेतलं. तेल्हारा तालुक्यातलं एक गाव उरलं होतं, ते हिला मिळालं.

"आपण अर्ज करू, विनंती करू," मी म्हणालो.

"हात दाखवा," ती म्हणाली आणि पर्समधून मलम काढून माझ्या भाजलेल्या बोटांना लावलं. त्या दिवशी मला फार लाज वाटली.

आता ती तेल्हाऱ्यात खोली करून राहते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की अकोटवरून संध्याकाळपर्यंत घरी येते, रविवारी दुपारी परत. पोरीचं दहावीचं वर्ष माझ्या खिचडीवर गेलं. गणिताचं अडलं की ती आईला फोन लावायची आणि मी शेजारी बसून ऐकायचो.

मी रेडिएटर नवा टाकला. थर्मोस्टॅट बसवला, हिरवं कूलंट भरलं, काचेची मशीनसुद्धा बदलली. मिस्त्री म्हणाला, आता गाडी फर्स्टक्लास. मी ती नांदगाव खंडेश्वरपर्यंत नेऊन आणली, काटा हलला नाही. मग एका रविवारी, बायको पिशवी भरत असताना, मी चावी घेऊन म्हणालो, "चल, आज तेल्हाऱ्यापर्यंत मी सोडून देतो. एसी लावून."

तिनं डब्याचं झाकण दाबलं, पिशवीची चेन ओढली. तिच्या आवाजात राग असता तर मी भांडलो तरी असतो.

"नको," ती म्हणाली. "मी एसटीनं जाईन. मले उद्या शाळेत हजर व्हाचं हाय."